शंभुरावांच्या घरची माणसं

पेणला येणारा परगावचा माणूस बहुधा गणपतीच्या निमित्ताने येतो. कुंभार आळी, कासार आळी, पुढे हमरापूर आणि जोह्याकडचे कारखाने. चैत्र-वैशाखापासून ओट्यांवर, माळ्यांवर, अंगणातल्या मांडवात मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. साच्यातून काढणारा वेगळा, रंग मारणारा वेगळा आणि डोळ्यांची आखणी करणारा तर सगळ्यांत वेगळा. त्याच्याशी काम चालू असताना कुणी बोलत नाही. इथून मूर्ती मुंबई-पुण्याला जातात, बोटीने परदेशातही जातात. गावाची कमाई, गावाचं नाव, दोन्ही गणपतीवर.

याच तालुक्यात डोंगराकडच्या अंगाला गागोदे नावाचं गाव आहे. तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी एका घरात दर भाद्रपदात एक गणपती होत असे, पण तो विकण्यासाठी नव्हता. घरातले म्हातारे गृहस्थ तो स्वतः घडवत आणि नातवंडांना कामाला लावत. मुलांनी चंदन उगाळून द्यायचं. सहाणेवर खोड फिरवून फिरवून हात भरून यायचे, तेव्हा कुठे जेमतेम पुरेल एवढा गंध निघायचा. मग प्राणप्रतिष्ठा, पूजा, आरत्या, आणि शेवटी जे इतक्या कष्टाने केलं ते वाजतगाजत पाण्यात सोडून यायचं. चंदन उगाळणाऱ्या नातवंडांत एक विनायक होता. आई त्याला विन्या म्हणायची. पुढे जगाने विनोबा म्हटलं.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव शंभुराव भावे.

विनोबांवर लिहिलेली पुस्तकं एका कपाटात मावणार नाहीत. शंभुरावांवर स्वतंत्र असं काही वाचायला मिळत नाही. ते कळतात ते नातवाच्या बोलण्यातून. पदयात्रेतल्या प्रवचनांत, आश्रमातल्या गप्पांत विनोबा मधूनच गागोद्याला जाऊन येत, आणि गेले की आजोबांपाशी थांबत. त्यांच्या आश्रमातल्या कालिंदीताईंनी विनोबांच्याच शब्दांतून ‘अहिंसा की तलाश’ संकलित केलं, त्यातही सुरुवातीची पानं आई आणि आजोबा यांचीच आहेत. आपल्या मनात जी काही शुद्धी असेल तिचं श्रेय आजोबांना, असा विनोबांचा हिशेब होता. एवढा मोठा माणूस एवढं मोठं श्रेय देतो तेव्हा वाचणाऱ्याला थोडी शंका यायला हरकत नाही. आजोबा गेल्यावर सगळेच आजोबा थोर होतात. पण विनोबांनी सांगितलेल्या गोष्टी नीट एकापुढे एक ठेवून पाहिल्या की त्यांत स्तुती फार थोडी सापडते. सापडतात ते प्रसंग, आणि ते सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: या घरचं कोण, आणि बाहेरचं कोण?

आधी विंचवाचा प्रसंग. शंभुरावांची पूजा लांबलचक असे. तास-दोन तास सहज जात. एकदा पूजा चालू असताना देवाच्या मूर्तीवर विंचू दिसला. कोकणातल्या घरात विंचू ही काही नवलाची गोष्ट नाही आणि त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक असतो. आरडाओरडा झाला, कुणी चप्पल उचलली असेल, कुणी काठी. शंभुरावांनी सगळ्यांना थांबवलं. तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही, असं सांगून त्यांनी पूजा पुढे चालू ठेवली. गंध, फुलं, पाणी, सगळं यथासांग. थोड्या वेळाने विंचू उतरून आपल्या वाटेने गेला.

ही गोष्ट अहिंसेची म्हणून सांगतात. मला ती यजमानपणाची वाटते. देवघर देवाचं, मग तिथे येणारा देवाचा पाहुणा. आपण फक्त पुजारी. पुजाऱ्याने पाहुण्याला मारायचं कसं?

दुसरी गोष्ट गुळाची. शेजारच्या एका मुलाने घरातला गूळ उचलला आणि तो आजीच्या, गंगाबाईंच्या, हाती सापडला. आजीने त्याला चोर म्हणून आजोबांपुढे उभा केला. शंभुरावांचं म्हणणं पडलं की ही चोरी नाही. पोराने न विचारता घेतलं एवढंच, मागितलं असतं तर आपण दिलंच असतं. हा निवाडा आजीला कितपत पटला असेल याविषयी मला दाट शंका आहे. गूळ जपून वापरायची जबाबदारी तिची होती, बरणीचा तळ तिलाच दिसत असे. उदार आजोबांच्या बहुतेक गोष्टींत मागे एक हिशेबी आजी उभी असते, आणि तिने हिशेब ठेवला म्हणून आजोबांचं औदार्य महिनाअखेरपर्यंत टिकतं. आपल्या आठवणींच्या वाङ्मयात ती ‘कडक’ ठरते आणि ते ‘देवमाणूस’. तरीही शंभुरावांच्या निवाड्यातली मेख पाहण्यासारखी आहे. त्यांनी मुलाला माफ केलं नाही. चोर हा शब्दच त्याच्यावरून काढून घेतला. माफी मिळते ती परक्याला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते, आणि तिच्यात शंभुराव प्रत्यक्ष दिसतही नाहीत. गागोद्याच्या घरात एक आंधळे काका राहत. मुलं त्यांना काका म्हणत, मोठी माणसंही त्यांच्याशी तसंच वागत. डोळे नसले तरी ते कामाला वाघ होते आणि स्वभावाने शांत. 1905 च्या सुमारास विनोबांची आई रुक्मिणीबाई मुलांना घेऊन बडोद्याला गेली. वडील नरहरपंत तिथे नोकरीला होते. पुढे एक दिवस गागोद्याहून पत्र आलं की आंधळे काका गेले. नातेवाइकाच्या मृत्यूची बातमी आली की घरात आंघोळ व्हायची, सुतक पाळलं जायचं. या वेळी काहीच झालं नाही. मुलाला कोडं पडलं. आईने सांगितलं, ते आपले नातेवाईक नव्हते. त्यांना कुणी नव्हतं, म्हणून ते आपल्याकडे राहायचे.

म्हणजे इतकी वर्षं घरातल्या मुलांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. आश्रित ठेवणारी घरं त्या काळी कमी नव्हती. विधवा आत्या, वारावर जेवणारा विद्यार्थी, कामाधामाला म्हणून राहिलेला लांबचा भाचा, असा गोतावळा कोकणात प्रत्येक मोठ्या घराला असे. पण आश्रिताला आपण आश्रित आहोत हे रोज जाणवून द्यायची हजार साधनं त्याच घरांत होती: पंक्तीत बसायची जागा, वाढायचा क्रम, तुपाची धार. मुलांच्या नजरेतून यांतलं काही सुटत नाही. या घरातल्या मुलांना जर काका परके आहेत हे कळलं नसेल, तर ते कळू नये अशी काळजी कुणीतरी पंक्तीत, ओटीवर, बोलण्यात रोज घेत असणार. घराची रीत ठरवणारे शंभुराव आणि ती चुलीपाशी पाळणाऱ्या बायका. उपदेशाने हे होत नाही.

फणसाचंही तेच. अंगणातला फणस उतरवला की तो फोडायचा, आणि पहिले गरे शेजारीपाजारी द्यायचे. आई पानं भरून द्यायची आणि वाटायला विन्याला पाठवायची. स्वतःचं तोंड शेवटी. बरका की कापा यावर वाद घालणाऱ्या कोकणी माणसाला, फणस फुटल्याचा वास घरभर पसरलेला असताना चार घरं हिंडून यायचं म्हणजे काय शिक्षा आहे हे सांगायला नको.

शंभुरावांचं गागोदे हे घर झालं. घराण्याची दुसरी मुळी वाईत होती. तिथल्या ब्राह्मणशाहीतलं कोटेश्वराचं मंदिर भाव्यांकडे होतं. कृष्णाकाठचं मंदिर आणि डोंगराकडची शेती, असा दोन्हीकडे पाय असलेला हा माणूस व्रतवैकल्यांत बुडालेला होता. चांद्रायण करायचा. शुक्ल प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असं पौर्णिमेला पंधरा घासांपर्यंत जायचं आणि मग रोज एक घास कमी करत अमावास्येला निराहार. चंद्र उगवला की त्याची पूजा आणि मग तो घास. वद्य पक्षात चंद्र रात्री उशिरा उगवतो. तेव्हा शंभुराव नातवाला उठवायला सांगत. पोर पेंगतच येऊन उभं राहायचं, आजोबा मंत्र म्हणायचे, आरती व्हायची, हातावर प्रसाद पडायचा, तो तोंडात टाकून पोर पुन्हा अंथरुणात. धर्म म्हणजे काय हे त्या मुलाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आजोबा दिवसभर उपाशी आहेत, चंद्राची वाट पाहत आहेत आणि प्रसाद खायला मला उठवतात, एवढंच त्याला कळत होतं.

वडिलांची तऱ्हा निराळी. नरहरपंत शिस्तीचे, आधुनिक, रंगरसायनांत रमणारे. कापड रंगवण्याच्या शास्त्रात त्यांना गती होती. ते बडोद्याहून दिवाळीला गागोद्याला यायचे. एकदा आई म्हणाली की बाबा खाऊ आणणार आहेत. आलेलं पुडकं चपटं होतं. उघडलं तर आत मुलांसाठीची रामायण-महाभारताची पुस्तकं. दिवाळीत लाडूंऐवजी पुस्तक हाती पडलेल्या मुलाचा चेहरा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, कदाचित स्वतःचाच. आईने मात्र याहून चांगला खाऊ असतो का, असं विचारून प्रकरण मिटवलं.

इथवर हे एका सुस्थित, सोवळ्याच्या कोकणी घराचं चित्र झालं. अशी घरं पेण-रोह्यात पुष्कळ असतील. पुढे काय झालं ते पाहिल्याशिवाय शंभुरावांकडे पुन्हा पाहायचं कारण पडत नाही.

25 मार्च 1916 रोजी विनायक इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला जायला निघाला, वाटेत सुरतेला उतरला आणि काशीची गाडी धरली. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं त्याआधीच चुलीत गेली होती. जूनमध्ये तो अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात गांधीजींपुढे उभा होता. मागोमाग धाकटे भाऊ बाळकोबा आणि शिवाजी हेही त्याच वाटेने गेले. तिघांनीही लग्न केलं नाही. बाळकोबांनी उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात आयुष्य वेचलं, शिवाजीराव धुळ्याला राहून विनोबांच्या गीताईच्या अभ्यासात रमले. आजोबांच्या मांडीवर वाढलेल्या या भावांची वंशवेल त्यांच्यापाशीच थांबली.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांची आठवण टिकवायची अधिकृत व्यवस्था काय आहे? श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात: पिता, पितामह, प्रपितामह. वसु, रुद्र, आदित्य. चौथ्या पिढीचं नाव आपोआप गळतं. चित्पावन घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तान्त छापले, त्यांत नावं वीस-वीस पिढ्या मागे जातात. पण तिथे माणूस म्हणजे एक ओळ, कुणाचा मुलगा आणि कुणाचा बाप. बायका सासरच्या नावाने येतात. आंधळ्या काकांना या दोन्ही व्यवस्थांत जागा नाही. ते ना पिंडात, ना वृत्तान्तात. त्यांचं सुतकसुद्धा कुणी धरलं नाही. ते उरले एका मुलाच्या कोड्यात.

आणि ते कोडं त्या मुलाने पुढे देशासमोर मांडलं, असं मला वाटतं. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे 80 एकर जमीन मागितली आणि गावच्या रामचंद्र रेड्डींनी उभं राहून 100 एकर दिली. तिथून भूदान सुरू झालं. विनोबा त्यानंतर तेरा-चौदा वर्षं देशभर चालले. जमीन मागताना त्यांची मांडणी ठरलेली असे. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा सहावा वाटा द्या. तो मी भूमिहीनाला देईन. अर्थशास्त्रज्ञांना ही मांडणी भाबडी वाटली, साम्यवाद्यांना फसवी. कायदा करून कमाल मर्यादा आणणं हा सरळ मार्ग असताना हे दानाचं काय, असा प्रश्न तेव्हाही होता आणि तो चुकीचा नव्हता. चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन मिळाली, पण तिच्यात पुष्कळ खडकाळ, वादातली, कागदावरचीच होती, वाटपही रखडलं. हे सगळं खरं. तरी मागण्याची ती रीत पाहा. दान मागणारा सहसा दारात उभा राहतो. हा माणूस घरात येऊन वारस म्हणून वाटा मागत होता. परक्याला घरचा करून घेण्याची जी रीत गागोद्याच्या पंक्तीत होती, तीच इथे उलटी फिरली होती: मी परका आहे, मला घरचा करून घ्या. जमीनजुमला असलेल्या आजोबांचा नातू दारोदार दत्तक जात होता.

वाटा मागायला मुलगाच का, मुलगी का नाही, हे आजचा वाचक विचारेल. विचारावंच.

पेणहून पुढे रोह्याला गेलं की कुंडलिकेच्या काठी आजोबा-नातवाची आणखी एक जोडी भेटते. पांडुरंगशास्त्री आठवले, लाखो लोकांचे ‘दादा’, 19 ऑक्टोबर 1920 रोजी रोह्यात जन्मले. त्यांचं शिक्षण कसं व्हावं हे आजोबा लक्ष्मणशास्त्रींनी ठरवलं: सरकारी शाळेची चाकोरी सोडून जुन्या तपोवन पद्धतीने, एकट्या विद्यार्थ्यासाठी आखलेला अभ्यास. संस्कृत, न्याय, वेदान्त, जोडीला इंग्रजी साहित्य. वडील वैजनाथशास्त्रींनी 1926 मध्ये मुंबईत माधवबागेत श्रीमद्भगवद्गीता पाठशाळा सुरू केली होती. 1942 मध्ये ती पांडुरंगशास्त्रींकडे आली. तिच्यातून वाढत गेलेल्या स्वाध्याय चळवळीला त्यांनी ‘परिवार’च म्हटलं. स्वाध्यायी गावांत ‘योगेश्वर कृषि’ची शेतं उभी राहिली, किनाऱ्यावर कोळ्यांच्या ‘मत्स्यगंधा’ होड्या. पाळीपाळीने सगळ्यांनी राबायचं, पीक किंवा मासळी कुणा एकाची नाही, ती देवाची. गरजवंताला त्यातून गुपचूप द्यायचं. अशा धनाला त्यांनी नाव दिलं अपौरुषेय लक्ष्मी. शंभुरावांच्या गुळाचा न्याय इथे आहे की काय, असं वाटून जातं: ज्याचा मालकच कुणी माणूस नाही, त्याची चोरी कशी होणार? अर्थात परिवार मोठा झाला की त्याचे मोठ्या घरासारखे पेचही वाढतात, कर्त्याच्या शब्दापुढे बोलायचं कुणी हा प्रश्न येतो. तो विषय वेगळा आहे आणि या लेखात मावणारा नाही.

रोह्याशी नातं असलेला तिसरा माणूस म्हणजे सी. डी. देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, 14 जानेवारी 1896. म्हणजे विनोबांहून चार महिन्यांनी धाकटे. बालपण रोह्यात गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्याचे खासदार, देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये मंत्रिपद सोडणारे. एका टोकाला पैसाच न हाताळणारा फकीर, दुसऱ्या टोकाला ज्याची सही नोटेवर असे तो गृहस्थ. रॅमन मॅगसेसे पुरस्कार 1958 मध्ये विनोबांना, 1959 मध्ये देशमुखांना आणि 1996 मध्ये आठवल्यांना मिळाला. पेण-रोह्याच्या एवढ्याशा पट्ट्याला तीन मॅगसेसे, हे स्थानिक लोक अभिमानाने सांगतात, आणि सांगू द्यावं. देशमुख 2 ऑक्टोबर 1982 रोजी गेले. त्यानंतर दीड महिन्यात विनोबाही गेले.

पण त्याआधी 1947 मधला एक मृत्यू सांगायला हवा. नरहरपंत धुळ्याला शिवाजीरावांकडे वारले. मुलं बैरागी असली तरी अस्थींचं काय करायचं हा प्रश्न आलाच. नाशिक जवळ, गोदावरी जवळ. लोकांनी तेच सुचवलं. विनोबांनी वेगळंच ठरवलं. गोदावरीत हाडं टाकायचा मला काय अधिकार, अशी त्यांची भूमिका. पाणी पाण्याच्या जागी, माती मातीच्या जागी. धुळ्यातच खड्डा खणून अस्थी मातीत ठेवल्या, ऋग्वेदातली पृथ्वीची प्रार्थना म्हटली, वर तुळस लावली. ज्या घरात चंदनाचा गणपती पाण्यात सोडायला शिकवलं, त्या घरातल्या नातवाने बापाच्या अस्थी पाण्यात सोडायला नकार दिला. शंभुरावांना हे आवडलं असतं का? आचारधर्माला इतका कडक माणूस कदाचित रागावलाही असता. आजोबांचं सगळंच्या सगळं पाळणारा नातू हा फार तर पुजारी होतो. विनोबांनी काय उचललं आणि काय टाकलं हे नीट पाहिलं तर दिसतं की विधी बराचसा गळला, चांद्रायणाची शिस्त उरली, आणि घरचं-बाहेरचं यांमधली भिंत तेवढी आजोबांनी सोडली होती तिथून त्यांनी आणखी मागे ढकलली. 1959 मध्ये पवनारला त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर काढलं ते स्त्रियांसाठी, ज्यांना घराण्याच्या हिशेबात कायम कुणाची तरी कन्या किंवा पत्नी म्हणूनच ओळ मिळत आली होती.

नोव्हेंबर 1982 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षात, विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. पंतप्रधानांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या विनवण्या झाल्या. ते बधले नाहीत. 15 नोव्हेंबरला ते गेले. तो दिवाळीचा दिवस होता. (आठवलेही 25 ऑक्टोबर 2003 रोजी गेले, आणि ती लक्ष्मीपूजनाची रात्र होती, योगायोगावर फार भार टाकू नये, पण दिवाळी अंकात लिहिताना तो डोळ्यांआड करताही येत नाही.) पवनारला धाम नदीच्या काठी चिता रचली गेली. मुलगा नव्हता, नातू नव्हता. शास्त्राप्रमाणे अग्नी द्यायला सपिंडांतला एखादा पुरुष शोधता आला असता. भावेकुळात माणसं काही कमी नव्हती. तसं कुणी शोधलं नाही. अग्नी दिला तो अनेक वर्षं त्यांच्याबरोबर चाललेल्या, आश्रमातल्या एका स्त्रीने. कुलवृत्तान्तात तिचं भाव्यांशी काही नातं निघत नाही.